काकांना आठवत होतं

जज होऊन उभं राहण्यात मान आहे असं मला वाटायचं. त्यात भीती किती आहे हे एका रविवारी कळलं, आणि ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

आधी खेळाबद्दल सांगते, कारण आमच्या ऑफिसात अजूनही काही जणांना वाटतं की मी रमी खेळते. हा पत्त्यांचा खेळ निराळा. प्रत्येकाचा स्वतः निवडून जुळवलेला डेक, पत्त्यांवर जनावरं, राक्षस, जादूटोणे, आणि प्रत्येक पत्त्यावर बारीक अक्षरात त्याचा कायदा लिहिलेला. मी सरकारी खात्यात नकाशे काढते. बारीक अक्षराची मला सवय आहे, म्हणून असेल, पण हा खेळ लागला तो सुटला नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आम्ही चार जण दर रविवारी माझ्या घरी खेळायचो. तिघे चाळिशीच्या आतले, आणि चौथे काका, वय सहासष्ट.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. भरवेलीच्या खाणीत जमिनीखाली उभा जन्म काढून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. काकूंना शेवटची चार वर्षं विसरण्याचा आजार होता. आधी त्या गॅस बंद करायला विसरल्या, मग घराचा रस्ता विसरल्या, शेवटी काकांना विसरल्या. पण कुणी विचारलं की ठामपणे सांगायच्या, "मले सगळं आठवते." काकांनी हे वाक्य चार वर्षं ऐकलं. काकू गेल्यावर एके दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा मी टेबलावर पत्ते मांडून बसले होते.

"यात किती गोष्टी ध्यानात ठेवा लागते?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, पुष्कळ.

"मंग शिकव मले."

ते जिंकायला खेळत नव्हते, स्वतःला तपासायला खेळत होते. हे मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा माझ्या हसण्या-चिडवण्याला जरा लगाम बसला. दर रविवारी उठताना ते विचारायचे, "आज काही भुललो काय?" मी नाही म्हटलं की चप्पल घालून निघायचे. एकदा दारात थांबून म्हणाले, "ज्या दिवशी भुललो, त्या दिवशी सांगजो मले. लपवू नको. तुझ्याच भरोशावर हाये मी."

मी हौ म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आता ट्रिगर म्हणजे काय ते सांगायला हवं. काही पत्त्यांवर लिहिलेलं असतं की अमुक घडलं की तमुक होईल. पण ते आपोआप होत नाही, कुणीतरी तोंडानं म्हणावं लागतं. काकांचा आवडता पत्ता म्हणजे दलदलीतलं एक दांडगं जनावर. तीन वारांत समोरच्याला लोळवेल असं, पण दर टर्नच्या सुरुवातीला ते आपल्याच मालकाचा एक लाइफ खायचं. प्रत्येकाला मोजके लाइफ मिळतात, ते संपले की तो हरला. ते खाणं हा ट्रिगर, आणि तोही स्वतःच्या तोट्याचा.

आमच्या घरच्या खेळात या तोट्याच्या ट्रिगरची एक रीत पडली होती, आणि ती काकांनी पाडली होती. खाणीत ड्रिल चालवणाऱ्याची नजर समोरच्या दगडावर असते. डोक्यावरचं छत सैल झालंय का हे जोडीदार बघतो आणि आवाज देतो. ड्रिलवाल्यानं सारखं वर बघितलं तर जोडीदाराला ते लागतं, माझ्यावर भरोसा नाही का, म्हणून. काकांनी हे जसंच्या तसं पत्त्यांत आणलं. तुझ्या जनावरानं तुला चावलं तर आवाज मी देणार, माझ्या जनावरानं मला चावलं तर तू. आपला तोटा आपणच बोलून दाखवायचा नाही, समोरचा आवाज देईपर्यंत थांबायचं. आणि समोरचा न चुकता द्यायचा. आम्हाला ती रीत फार आवडली. स्पर्धेचा नियम नेमका उलटा आहे हे चौघांत मला एकटीलाच माहीत होतं, कारण नियमांचं ते लांबलचक बाड मी एकटीनंच वाचलं होतं. स्पर्धेच्या सकाळी नियम सगळ्यांनाच सांगतात, म्हणून घरी मी तो विषय काढला नव्हता.

स्पर्धेत असं आहे. फायद्याचा ट्रिगर विसरलात तर विसरलात, समोरच्यानं आठवण द्यायची गरज नाही, आणि जजनं तर तोंड उघडायचंच नाही. तोट्याचा मात्र ज्याचा त्यानं बोलायचा. खरोखर विसरलात तर ताकीद मिळते, चूक दुरुस्त करून खेळ पुढे चालतो. पण आठवत असून, नियम माहीत असून गप्प बसलात तर ती फसवणूक. स्पर्धेतून नाव कापतात, आणि फसवणारा म्हणून वर, खेळाच्या संस्थेला, कळवतात.

बालाघाटात पहिल्यांदाच रीतसर स्पर्धा ठरली तेव्हा आम्ही चौघं हवेत होतो. एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल घेतला. जबलपूर, गोंदिया, रायपूरहून पोरं आली. मुख्य जज रायपूरचे, शांत आवाजाचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. मराठीचा त्यांना गंध नव्हता. मी त्यांची मदतनीस जज. काळा टी-शर्ट घालून मी आरशात दोनदा बघून आले होते, ते कशाला लपवू.

सकाळी मुख्य जजांनी माझ्या हातात माइक दिला. नवीन लोक पुष्कळ आहेत, ट्रिगरचे नियम तुम्हीच सोप्या हिंदीत सांगा, म्हणाले, आणि स्वतः जोड्यांची यादी लावायला बसले. मी सुरू केलं. फायद्याच्या ट्रिगरचं सांगून झालं, आणि "अब नुकसान वाला ट्रिगर" एवढं म्हटलं तोच माइक केकाटला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, कुणी हसलं, कुणी वायर हलवली. माइक पुन्हा सुरू झाला तेव्हा मी कागदावर बघितलं आणि पुढचा मुद्दा वाचला. घड्याळाचा. काका पहिल्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर, वर्गात बसल्यासारखे. मी जे जे बोलले त्यावर ते मान हलवत होते.

दुसऱ्या फेरीत टेबलांमधून फिरताना मला ते आठवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तोट्याचा नियम मी सांगितलाच नव्हता.

तेव्हाच माइक उचलून सांगायला हवं होतं. एका मिनिटाचं काम. पण मुख्य जज समोर उभे होते, आणि मला वाटलं की ते म्हणतील, एवढंही धड सांगता आलं नाही या बाईंना. मी स्वतःशी म्हटलं, बाकी सगळ्यांना माहीतच असतं. मग म्हटलं, काका दुपारपर्यंत हरतीलच. ज्या माणसासाठी मी सकाळी देवापुढे हात जोडून आले होते, तो हरावा म्हणून मी दुपारी हात जोडत होते.

काका हरेनात. तिसरी फेरी जिंकले, चौथी जिंकले. प्रत्येक फेरीत मी त्यांच्या टेबलापासून लांब राहायची आणि पुन्हा त्याच टेबलाशी यायची. पहिल्या चार फेऱ्यांत ते जनावर एकदाच आलं, आणि समोरचा गोंदियाचा पोरगा आपणहून म्हणाला, "अंकल, आपका एक लाइफ." काकांनी खूश होऊन एक लाइफ वजा केला. त्यांना वाटलं असणार, जगात सगळीकडे हीच रीत आहे. जेवायच्या सुट्टीत मी त्यांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. पण एकट्या त्यांनाच सांगितलं तर तो पक्षपात, आणि सगळ्यांना सांगितलं तर माझी चूक उघडी. मी पुरी-भाजीच्या रांगेत उभी राहिले, आणि काही न खाता परत आले.

उपांत्य फेरीत काकांसमोर जबलपूरची एक कॉलेजातली मुलगी बसली. हुशार होती, घाईत होती, तिची नजर आपल्या हातातल्या पत्त्यांवर होती. काकांचं जनावर आलं. पुढचा टर्न सुरू झाला. मुलगी काही बोलली नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं, थोडं थांबले, आणि पत्ता उचलून खेळले. लाइफ तसाच राहिला.

मी दहा पावलांवर होते. तोट्याचा ट्रिगर चुकलेला दिसला तर जजनं थांबवायचंच असतं, तो माझा धर्म होता. माझं तोंड उघडलं नाही. आणखी एक टर्न गेला. काकांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं, या वेळी जरा जास्त वेळ. पुन्हा खेळले. मग त्या मुलीनं दोघांचे लाइफ लिहिलेला कागद बघितला, जनावराचा पत्ता वाचला, आणि हात वर केला.

"जज."

मी गेले. ती म्हणाली की दोन टर्न झाले, अंकलनी लाइफ कमी केला नाही. चिडलेली नव्हती, सांगत होती फक्त. मी काकांना आमच्या बोलीत विचारलं, कारण त्यांच्याशी मी दुसऱ्या भाषेत कधी बोललेच नव्हते.

"काका, तुम्हाले ध्यानात होतं काय?"

"हौ, होतं ना," ते म्हणाले. "दोन्ही खेपेले होतं. पोरीनं आवाज नाही देल्ला. मी वाट पाहून राह्यलो होतो."

हे त्यांनी हसत सांगितलं. आठवत होतं आणि वाट बघत होतो, ही जी दोन वाक्यं कुठल्याही खेळाडूनं जजसमोर उच्चारू नयेत, ती दोन्ही त्यांनी हसत सांगितली.

मुलीला मराठी कळत नव्हती. मुख्य जज मागून आले आणि म्हणाले, "क्या हुआ?" टेबलाभोवती कुणाला काकांचं बोलणं समजलं नव्हतं, मला सोडून. माझ्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब सरळ दिसला. विसरले म्हटलं तर ताकीद, दोन लाइफ वजा, संपलं. आठवत होतं म्हटलं तर काका फसवणारे ठरणार, सगळ्या गावासमोर. आणि मग प्रश्न येणार, नियम सांगितला होता का.

"भूल गए, सर," मी म्हटलं. "अंकल ट्रिगर भूल गए."

खरं सांगायचं तर तेव्हा मी काकांना वाचवत होते असं मला वाटलं. वाचवत होते मी मला.

मुख्य जजांनी मान हलवली. ताकीद लिहायला त्यांनी पेन काढलं. काका माझ्याकडे बघत होते. हसू गेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसला असता. ते घाबरले होते. कुणीतरी खांद्याला धरून हलवावं तसे ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"मैं नहीं भूला," ते म्हणाले.

मुख्य जजांचं पेन थांबलं. "आपको याद था?"

"था."

"दोनों बार?"

"दोनों बार. मेरे को सब याद है."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या घरात आधी कोण म्हणायचं हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही. म्हणता म्हणता तेच त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम खाली बसायला गेले. खुर्ची नव्हती. मुलीनंच पटकन उचलून दिली.

मुख्य जजांनी आम्हा दोघांना खिडकीपाशी नेलं. काकांना त्यांनी शांतपणे विचारलं, आठवत होतं तर बोलले का नाहीत. काकांनी खाणीचं सांगितलं. ड्रिल, छत, जोडीदार, आवाज. हिंदीत सांगताना ते अडखळत होते, आणि एरवी कधी अडखळत नाहीत. मुख्य जजांनी पुरतं ऐकून घेतलं, आणि म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण सकाळी नियम सांगितला गेला होता. मग माझ्याकडे वळले.

"आपने बताया था न, मैडम?"

माझ्या आधी काका बोलू शकले असते. पहिल्या रांगेत बसलेला माणूस तो. काय सांगितलं गेलं आणि काय नाही हे त्यांना शब्दन् शब्द माहीत असणार. पण ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत खात्री नव्हती. मी सांगितलं होतं आणि ते विसरले, असंही असू शकेल, असं त्यांना वाटू लागलं होतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

हौ म्हटलं असतं तर माझं नाव राहिलं असतं आणि त्यांचं गेलं असतं. सगळ्यात भयंकर म्हणजे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता.

"नहीं बताया, सर," मी म्हटलं. "माइक बंद पड़ा और मैं वो बात छोड़ गई. दूसरे राउंड में याद आया, फिर भी नहीं बताया. और अंकल भूले नहीं थे. वो मैंने झूठ कहा."

बोलताना माझा आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मुख्य जजांनी पहिल्या रांगेतल्या आणखी दोघांना बोलावून विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. नियम माहीतच नव्हता म्हणजे फसवणूक नाही, असा निर्णय झाला. काकांना ताकीद, दोन लाइफ वजा, खेळ पुढे सुरू. मला त्यांनी ओरडून काही म्हटलं नाही. गळ्यातलं जजचं कार्ड काढून द्यायला सांगितलं, आणि आता बसा म्हणाले. वर कळवावं लागेल, असंही म्हणाले. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. लाज वाटली, पण त्याहून मोठं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि मूर्खासारखं मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

मग मी काकांचा खेळ बघितला. ते प्रत्येक पत्ता दोनदा वाचत होते. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. टेबलावर आधीपासून मांडलेले पत्ते पुन्हा पुन्हा उचलून वाचत होते, जे त्यांना वर्षभर तोंडपाठ होते. जनावराचा ट्रिगर त्यांनी मोठ्यानं म्हटला, लाइफ वजा केला, आणि लगेच मुलीला विचारलं, "अभी किया न मैंने?" ती म्हणाली, किया अंकल. एका टर्नमध्ये तीनदा विचारलं. चार-पाच टर्नमध्ये ते हरले. मुलीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष नव्हतं.

खाली रस्त्यावर मी माझ्या स्कूटीशी उभी होते. संध्याकाळची बैहरची बस वळत होती, कंडक्टर ओरडत होता. काका जिना एक-एक पायरी उतरून आले. नेहमी माझ्या मागे बसून यायचे ते. आज बसले नाहीत, समोर उभे राहिले.

"काका, माफ करा मले," मी म्हटलं. "मी घाबरली होती."

"त्याचं काही नाही. घाबरते माणूस." मग त्यांनी विचारलं, "एक सांग. मी खरंच भुललो होतो काय?"

"नाही काका. तुम्हाले दोन्ही खेपेले आठवत होतं. तुम्हीच तर सांगितलं ना मले."

"मी तं सांगणारच. तुझ्या काकूलेबी सगळं आठवत होतं." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "तू काहून म्हणली मंग, भूल गए?"

"स्वतःले वाचवाले. खोटं बोलली मी."

"तवा खोटं बोलली," ते हळू म्हणाले, "का आता बोलून राह्यली? मले बरं वाटावं म्हणून?"

मी शपथ घेतली. सकाळपासूनचं सगळं पुन्हा सांगितलं, माइक, दुसरी फेरी, पुरी-भाजीची रांग, त्या मुलीकडे त्यांनी दोनदा कसं थांबून बघितलं ते. त्यांनी सगळं ऐकलं, समजूतदारपणे मान हलवली. काकू बोलायच्या तेव्हा ते अशीच मान हलवायचे, वाद न घालता. मी तिसऱ्यांदा म्हटलं, काका, तुम्हाले आठवत होतं. म्हणताना माझ्याच कानांना ते समजूत घातल्यासारखं लागलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पायीच निघाले.